गाडी नुसती ‘टक्’ करते, सेल्फ घेत नाही. त्यामागचं सर्किट दुकानाच्या गल्ल्यातून आलंय

पावसाळ्यातली सकाळ. ठिकाण, रायगड जिल्ह्यातलं तळा. वर तळगड ढगात गेलाय, मांदाडच्या खाडीकडून दमट वारा येतोय आणि दोरीवरचे कपडे दोन दिवस झाले तरी ओलेच आहेत. अशा हवेत रात्रभर अंगणात उभी असलेली पंचवीस-तीस वर्षं जुनी कार. मालक किल्ली फिरवतो. डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, हॉर्न वाजतो, वायपर हलतात. इंजिन मात्र फिरत नाही. बॉनेटखालून एकच आवाज येतो. टक्.

पुन्हा किल्ली. पुन्हा टक्.

मग नेहमीचा कार्यक्रम सुरू होतो. शेजारपाजारचे जमतात. एकाच्या मते बॅटरी बसली, दुसऱ्याच्या मते सेल्फ जळला, तिसरा बाह्या सरसावून धक्का मारायला तयार. पुष्कळदा या गोंधळाचा शेवट नवी बॅटरी घेण्यात होतो आणि चार दिवसांनी गाडी परत टक् करते. कारण दोष बॅटरीत नव्हताच. तो होता काडेपेटीहून लहान अशा एका डबीत, जिला रिले म्हणतात.

ही डबी नेमकं काय करते आणि ती बिघडली हे कसं ओळखायचं, हे नीट कळायचं असेल तर एका माणसाची गोष्ट माहीत असायला हवी. गाडी हाताने हँडल मारून सुरू करण्याऐवजी विजेवर सुरू व्हावी, ही सोय त्याने चालू करून दाखवली. आपल्या गॅरेजमध्ये स्टार्टरला आजही ‘सेल्फ’ म्हणतात. सेल्फ-स्टार्टर या नावाचा तो उरलेला अर्धा तुकडा. हा सेल्फ-स्टार्टर बाजारात आणणाऱ्या माणसाचं नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल नावाचं छोटं गाव आहे, त्याच्याजवळच्या एका शेतावर. घरात पाच भावंडं, हा चौथा. अभ्यासात हुशार, पण डोळे अधू. थोडा वेळ वाचलं की डोकं ठणकायला लागायचं. शाळा संपल्यावर त्याने काही वर्षं मास्तरकी केली, मग कॉलेज गाठलं, तर डोळ्यांनी तिथेही दगा दिला. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतलं इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून त्याला परत यावं लागलं.

आपल्याकडे अशा मुलाला लोक काय काय ऐकवतात ते सांगायला नको. केटरिंगने काय केलं? तो टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत कामाला लागला. खांबांसाठी खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. उघड्या हवेत डोळ्यांना आराम मिळाला आणि तो टोळीचा मुकादम झाला. पुढे अ‍ॅशलंड गावात टेलिफोन एक्स्चेंजचंही काम त्याने पाहिलं. तिथेच त्याची ऑलिव्ह विल्यम्सशी ओळख झाली आणि १९०५ मध्ये दोघांनी लग्न केलं. त्याआधी त्याने युनिव्हर्सिटीत परत जाऊन १९०४ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरची डिग्री पुरी केली होती. तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

टेलिफोनच्या त्या वर्षांना त्याच्या आयुष्यात फार महत्त्व आहे, कारण रिलेची खरी शाळा तिथेच होती.

रिले ही केटरिंगची कल्पना नव्हे. तिचं श्रेय जातं जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाकडे, साल १८३५ च्या आसपासचं. लांबवरून आलेला करंट वाटेत मरतुकडा होतो, त्याच्यात काही काम करायची ताकद उरत नाही. पण एवढ्याशा करंटने लोखंडाभोवतीच्या तारेच्या गुंडाळीत चुंबकत्व नक्की तयार होतं. त्या चुंबकाने एक छोटी पट्टी ओढली आणि त्या पट्टीने दुसऱ्या, जवळच्या, ताकदवान बॅटरीचं सर्किट जोडलं, तर? मरतुकड्या करंटने दणकट करंटला हुकूम दिला. झाला रिले. तार आणि टेलिफोन या दोन्ही गोष्टी या युक्तीवर उभ्या राहिल्या.

डिग्री मिळाल्यावर केटरिंगला नोकरी लागली डेटन शहरात, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानाच्या गल्ल्यावर जी आकडे टिपणारी, खण्णकन उघडणारी मशीन असायची, ती बनवणारी ही जगातली मोठी कंपनी. इथे त्याने दोन कामं अशी केली की पुढचं सगळं त्यातून निघालं.

पहिलं काम उधारीचं. मोठ्या दुकानात गिऱ्हाईक उधारीवर माल मागायचं, तेव्हा त्याची पत विचारायला पोऱ्याला ऑफिसपर्यंत धावत जावं लागायचं. केटरिंगने टेलिफोनलाच एक विजेचा शिक्का जोडला. ऑफिसातल्या कारकुनाने तिथून बटण दाबलं की इथे काउंटरवर पावतीवर मंजुरीचा शिक्का पडणार. शिक्का हाणणारा भाग म्हणजे सोलेनॉइड, तारेच्या गुंडाळीत ओढला जाणारा लोखंडी दांडा. हाच सोलेनॉइड आज तुमच्या गाडीच्या सेल्फवर बसलेला असतो.

दुसरं काम कॅश रजिस्टर विजेवर चालवण्याचं. तोवर त्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. अडचण अशी की मोटर लावायची तर ती मोठी हवी, आणि मोठी मोटर काउंटरवर मावत नाही. केटरिंगने हिशेब उलटा केला. ही मोटर दिवसभर फिरणार नाही. ती एकेका विक्रीला एखाददुसरा सेकंद फिरणार आणि मग थंड बसणार. मग तिला सतत काम करणाऱ्या मोटरचे नियम कशाला? छोट्या मोटरला क्षणभर तिच्या कुवतीबाहेर पळवा, ती तापायच्या आत काम उरकलेलं असेल.

कंपनीत एडवर्ड डीड्स नावाचा वरचा अधिकारी होता. त्याला गाड्यांचं वेड. त्याच्या घरामागच्या गोठीवजा कोठारात रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कंपनीतलेच काही जण जमायचे आणि गाड्यांच्या विजेच्या भानगडी सोडवत बसायचे. ही मंडळी पुढे ‘बार्न गँग’ म्हणून प्रसिद्ध झाली. गॅरेजमधून सुरू झालेल्या कंपन्यांच्या ज्या गोष्टी आज कौतुकाने सांगितल्या जातात, त्यांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. १९०९ मध्ये केटरिंगने नोकरी सोडली आणि डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी निघाली. आद्याक्षरं जुळवून नाव पडलं डेल्को. इंजिनात ठिणगी पाडण्याची त्यांची नवी पद्धत कॅडिलॅक कंपनीने उचलली. स्पॅनिश बोलणारे मेकॅनिक अजूनही डिस्ट्रीब्यूटरला सरळ ‘डेल्को’ म्हणतात, जसं आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो.

इंजिन चालू कसं करायचं, हा प्रश्न मात्र तसाच होता.

पेट्रोलचं इंजिन स्वतःहून सुरू होत नाही. त्याला कुणीतरी बाहेरून फिरवावं लागतं. तेव्हा ते काम हँडलचं. आपल्याकडेही जुन्या जीप, अ‍ॅम्बॅसडर यांच्या पुढच्या बाजूला हँडल घालायची जागा असायची, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. हँडल मारायला ताकद लागे हे तर झालंच, पण खरा धोका वेगळा होता. ठिणगी किती आधी पडावी हे तेव्हा हाताने लावावं लागायचं. ते चुकलं आणि ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटा झटका देई. लोखंडी हँडल उलटं फिरून मनगट, हात, कधी जबडा मोडायचं. जुने ड्रायव्हर हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचे तो याच भीतीने.

बायरन कार्टर हा गाड्या बनवणारा उद्योजक अशाच झटक्याने जखमी झाला आणि पुढे दगावला. वाटेत बंद पडलेल्या एका बाईंची गाडी सुरू करून द्यायला तो थांबला होता, असं सांगतात. या गोष्टीच्या तपशिलात आणि तारखांत प्रत्येक पुस्तकागणिक फरक पडतो, त्यामुळे ती जरा सावधपणेच घ्यायला हवी. पण कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड हे कार्टरचे मित्र होते आणि आपल्या गाड्यांवर हँडल नको, हे त्यांनी मनावर घेतलं. काम गेलं केटरिंगकडे.

जाणकारांचं म्हणणं होतं की हे होणार नाही. इंजिन फिरवायची ताकद असलेली मोटर जवळपास इंजिनाएवढीच लागेल आणि तिला पुरेल अशी बॅटरी गाडीत मावणार नाही. कागदावर ते बरोबरही होतं. पण केटरिंग हा प्रश्न गल्ल्याच्या मशीनवर आधीच सोडवून बसला होता. इंजिन सुरू करायला काही सेकंद पुरतात. तेवढ्यापुरती मोटर दामटली की झालं. इंजिन पेटलं आणि मोटरपेक्षा जोरात पळायला लागलं की मोटर आपोआप सुटी व्हावी, म्हणून एकाच दिशेला पकडणारा क्लच. आणि सगळ्यात सुंदर भाग पुढे आहे. इंजिन चालू झाल्यावर तीच मोटर उलट इंजिनाकडून फिरवली जाऊन डायनमो बनायची आणि खर्च झालेली बॅटरी भरून ठेवायची. सुरू करताना २४ व्होल्ट, भरताना ६ व्होल्ट, आणि ही अदलाबदल करणारा किचकट स्विच.

फेब्रुवारी १९११ मध्ये हा संच कॅडिलॅकवर चढवून चालवून दाखवला गेला. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या सेल्फ-स्टार्टरसकट बाजारात आल्या. त्यासाठी कॅडिलॅकला इंग्लंडची मानाची ड्यूअर ट्रॉफी दुसऱ्यांदा मिळाली. पेटंट केटरिंगच्या नावावर १९१५ मध्ये नोंदलं गेलं.

याचा परिणाम कुणालाच नीटसा अंदाजता आला नसेल. त्या काळात अमेरिकेत विजेच्या गाड्या बऱ्यापैकी चालायच्या आणि त्या खास बायकांसाठी म्हणून विकल्या जायच्या, कारण त्यांना हँडल मारावं लागत नसे. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा विजेची गाडी चालवायची. पेट्रोल गाडीचं हँडल गेलं आणि विजेच्या गाडीचं मोठं आकर्षण संपलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत, स्वस्त पेट्रोल आणि फोर्डच्या स्वस्त गाड्यांच्या जोडीने, तिचा बाजार उठला. विजेच्या मोटरनेच विजेच्या गाडीला शंभर वर्षं मागे ढकललं, असं म्हटलं तरी चालेल. फोर्डच्या मॉडेल टीवर सेल्फ यायला १९१९ उजाडलं.

आज गाडीत दिसणारी रचना मात्र एकट्या केटरिंगची नाही. सेल्फचा दातेरी गिअर पुढे सरकून इंजिनाच्या चाकात अडकतो, ती युक्ती व्हिन्सेंट बेंडिक्सची. गॅरेजमध्ये ‘बेंडिक्स गेला’ म्हणतात ते त्याचंच नाव. सुरुवातीला पायाने दाबायचा किंवा हाताने ओढायचा खटका असे. किल्ली फिरवून थेट सेल्फ मारायची सोय अमेरिकेत क्रायस्लरने १९४९ मध्ये आणली. आणि किल्ली आल्यावर जोसेफ हेन्रीची जुनी युक्ती अपरिहार्य झाली.

कारण आकडे बघा. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर ते दोनशे अँपिअर करंट खातो. एवढा करंट किल्लीतून न्यायचा तर किल्लीच्या मागे अंगठ्याएवढी जाड केबल लागेल आणि किल्लीचे पॉइंट दोन दिवसांत वितळतील. म्हणून काम पायऱ्यापायऱ्यांनी होतं. किल्ली रिलेला एक अँपिअरच्याही आतला करंट देते. रिले सोलेनॉइडला काही अँपिअर देतो. सोलेनॉइड आतला जाड तांब्याचा संपर्क जोडतो आणि बॅटरीचा पुरा लोंढा सेल्फकडे सुटतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत मधला वेगळा रिले नसतोच, किल्ली थेट सोलेनॉइडला हुकूम देते. ब्रिटिश धाटणीच्या काही गाड्यांत तर लुकासच्या सोलेनॉइडला मागून रबरी बटण असायचं. किल्ली चालेना, तर बॉनेट उघडून बटण दाबा, गाडी सुरू.

आता तळ्याच्या अंगणातल्या गाडीकडे येऊ.

चांगला मेकॅनिक आधी हात लावत नाही, ऐकतो. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज आला नाही, तर हुकूमच पोचत नाहीये. किल्लीचा स्विच, फ्यूज, रिलेची गुंडाळी किंवा तिची अर्थिंग यांच्यात शोधायचं. टकटकटकटक असा मशीनगनसारखा आवाज आला, तर बहुधा बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. सोलेनॉइड ओढला जातो, सेल्फने करंट मागताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, पुन्हा ओढला जातो. आणि एकच टक् आला, तर हुकूम पोचला पण काम झालं नाही. टक् हलका आणि डॅशबोर्डखालून किंवा फ्यूज बॉक्सातून आला तर तो रिले. जड, ठोका घातल्यासारखा आणि इंजिनाजवळून आला तर तो सोलेनॉइड. या एका फरकावर पुढचा अर्धा तास वाचतो.

मग दुसरी चाचणी, फुकटातली. हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे मरगळले तर करंट कुठेतरी ओढला जातोय, पण पुरत नाहीये. बॅटरी आणि तिच्या जोडण्या बघा. दिवे होते तसेच लखलखत राहिले तर करंट सेल्फपर्यंत जातच नाहीये. म्हणजे वाट रिलेपाशी, सोलेनॉइडपाशी किंवा सेल्फच्या घासलेल्या ब्रशांपाशी तुटलीय.

मल्टिमीटर असेल तर पूर्ण भरलेल्या, विश्रांती घेतलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. सेल्फ मारताना ते साडेनऊ-दहाच्या खाली घसरायला नकोत.

आता त्या काडेपेटीहून लहान डबीकडे. नेहमीच्या चार पायांच्या रिलेखाली आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ ही गुंडाळीची दोन टोकं, म्हणजे हुकमाची बाजू. ३० वर बॅटरीकडून करंट येतो आणि ८७ वरून तो पुढे सोलेनॉइडकडे जातो. गाडीत हॉर्नचा किंवा पंख्याचा रिले हुबेहूब तसाच, त्याच नंबरचा असेल तर तो काढून इथे लावून बघायचा. गाडी सुरू झाली तर दोष सापडला, तोही पैसे न खर्च करता. तसा रिले नसेल तर टेस्ट लॅम्प घ्यायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगायचं. ८५ आणि ८६ च्या खोबणींमध्ये लावलेला दिवा पेटला, तर हुकूम येतोय. पेटला नाही, तर रिलेला दोष देऊ नका, किल्लीकडे जा. हुकूम येतोय, ३० वर करंट आहे, रिले टक् करतोय, तरीही ८७ वर काही येत नाही, तर आतले पॉइंट जळलेत. आवाज येतो म्हणजे रिले चांगला, हा समज इथेच फसवतो. टक् हा पट्टी हलल्याचा आवाज आहे. पॉइंट जुळल्याची ती खात्री नव्हे.

एक सावधगिरी. रिले काढून ३० आणि ८७ जाड वायरीने जोडून सेल्फ फिरवून बघायची पद्धत मेकॅनिक वापरतात. तसं करण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा. गिअरमध्ये असलेली गाडी सेल्फवर पुढे झेप घेते, आणि पुढे उभा असतो तो माणूस ज्याने बॉनेट उघडलेलं असतं.

कोकणात हे जास्त का होतं? खारट दमट हवेत पितळी-तांब्याच्या जोडण्यांवर हिरवा-पांढरा खार चढतो. समजा बॅटरीच्या एका टर्मिनलवर ०.०५ ओहम एवढाच विरोध तयार झाला. हेडलाइटचे पाच-दहा अँपिअर त्यातून जाताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त काही सांडत नाही, दिवे नेहमीसारखेच दिसतात. पण सेल्फ दीडशे अँपिअर मागायला गेला तर तेवढ्याच विरोधावर साडेसात व्होल्ट खर्ची पडतात. बारातले साडेसात गेल्यावर उरलं काय? म्हणून दिवे चालू, हॉर्न चालू आणि सेल्फ बंद, हे कोडं पडतं. नवी बॅटरी बसवताना मेकॅनिक टर्मिनल घासून घट्ट करतो, गाडी सुरू होते आणि श्रेय बॅटरी खाऊन जाते. इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचंही तसंच. ती तर कुणी बघतच नाही.

केटरिंगच्या गोष्टीत परत येऊ. डेल्को १९१६ मध्ये विकली गेली आणि पुढे जनरल मोटर्समध्ये सामील झाली. १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधनाचा मुख्य होता. याच काळात, १९२८ मध्ये, कंपनीने मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. त्या कारखान्यातून शेवरोले गाड्या आपल्या रस्त्यांवर आल्या. शेतावरच्या घरांना स्वतःपुरती वीज देणारे डेल्को-लाइट संच, डिझेलवर धावणारी रेल्वे इंजिनं अशी त्याच्या कामाची यादी लांबलचक आहे. नावावर १८६ पेटंट. १९३३ मध्ये टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा चेहरा झळकला. पाण्याऐवजी तांब्याच्या पंख्यांनी थंड होणारं त्याचं इंजिन मात्र सपशेल पडलं आणि १९२३ मध्ये त्या गाड्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या.

पण त्याच्या आयुष्यातला खरा वादाचा भाग दुसराच आहे, आणि तो सेल्फच्याच वाटेने आला.

सेल्फ आल्यावर गाड्या वाढल्या, इंजिनं ताकदवान झाली आणि ती आतून ठोकायला लागली. पेट्रोल चुकीच्या वेळी भडकल्याने येणारा हा खडखडाट. डेल्कोच्या ठिणगीवर त्याचं खापर फोडलं जायचं. केटरिंगने आपला सहकारी थॉमस मिजली याला या मागे लावलं. डिसेंबर १९२१ मध्ये मिजलीला उत्तर सापडलं, टेट्राएथिल लेड. पेट्रोलमध्ये शिशाचा अंश घातला की ठोकणं बंद. अल्कोहोलनेही ते थांबतं हे या मंडळींना माहीत होतं, त्यांनी ते करून पाहिलंही होतं. पण अल्कोहोल भरपूर मिसळावं लागतं आणि त्याचं पेटंट घेता येत नाही. शिसं चमचाभर पुरतं. १९२३ मध्ये ते पंपावर विकायला सुरुवात झाली. पुढच्या वर्षी एथिल कंपनी निघाली आणि केटरिंग तिचा पहिला अध्यक्ष झाला.

शिसं विषारी आहे हे तेव्हा गुपित नव्हतं. मिजली स्वतः शिशाच्या बाधेने आजारी पडून हवापालटाला गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. तिथे केटरिंग शिशाच्या बाजूने उभा राहिला. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. पुढची चाळीस वर्षं शिशाच्या परिणामांवरचं बरंचसं संशोधन सिनसिनाटीतल्या ज्या प्रयोगशाळेत झालं, तिला पैसा याच उद्योगाचा होता आणि नाव केटरिंगचं.

सर्किटमध्ये दोष शोधताना जो माणूस एकेक जोडणी सोडवून बघायचा, त्याने इथे एक जोडणी तपासायचीच सोडली, ती म्हणजे धुराड्यातून बाहेर पडणारं शिसं जातं कुठे. ते जात होतं रस्त्याकडेच्या धुळीत आणि तिथे खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात. त्याला ते दिसलं नाही की बघायचं नव्हतं, यावर अभ्यासकांचं अजूनही एकमत नाही. भारतात शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं १ फेब्रुवारी २००० रोजी. म्हणजे तळ्याच्या अंगणातल्या त्या जुन्या गाडीने, तिचं वय बघता, सुरुवातीच्या काळात हेच पेट्रोल प्यायलेलं असू शकतं. जगातला शेवटचा देश अल्जेरिया, तिथे ते २०२१ मध्ये संपलं.

१९४५ मध्ये केटरिंग आणि जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर संशोधनाची संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी ऑलिव्ह कॅन्सरने गेली. एकुलता एक मुलगा युजीन रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या कामात नाव कमावत होता. डेटनला लागून असलेल्या एका वस्तीने आपलं नावच केटरिंग ठेवलं आणि १९५५ मध्ये ती शहर झाली. तीन वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, डेटनमध्ये त्याचं निधन झालं. तो ८२ वर्षांचा होता आणि तोवर अमेरिकेत हँडल मारून सुरू होणारी नवी गाडी विकत मिळेनाशी झाली होती.